मूळ पाहिले

‘उगम’ आल्यापासून प्राध्यापक मंडळी देवाला भीत नव्हती एवढी स्वतःच्या जुन्या प्रबंधाला भिऊ लागली होती. नागपुरातल्या त्या गृहविज्ञान महाविद्यालयात तीन वर्षांत दोघांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्टाफरूममध्ये चारित्र्यावर व्याख्यानं झोडणाऱ्या तिसऱ्या एकांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉ. कांचन डोंगरवार या सगळ्यांना हसायची. आपण कुणाचं वाक्य चोरलेलं नाही, याची तिला खात्री होती आणि ती खात्री खरीही होती.

त्यामुळे मार्चमधल्या एका सोमवारी अकराच्या सुमारास तिच्या पडद्यावर हिरवी चौकट उमटली, तेव्हा तिनं ती सगळ्यांसमोरच उघडली.

‘अभिनंदन. आपल्या प्रबंधातील पान ११२, तळटीप ९ हिच्या आधारे सध्या सहा लाख चाळीस हजार व्यक्तींचा दैनिक आहार निश्चित केलेला आहे. या साखळीत आपण मूळ स्रोत पाहणाऱ्या पहिल्या संशोधक आहात.’

टाळ्या पडल्या. कुणीतरी पेढे मागवायला निघालं. कांचनही हसली, आणि हसता हसता तळटीप नऊ कोणती ते तिला आठवलं. चहाचा कप तिनं खाली ठेवला.

इथं ‘उगम’ म्हणजे काय ते सांगायला हवं. पूर्वी उचलेगिरी पकडणारी यंत्रं शब्द जुळवून बघायची. चार शब्द पुढेमागे केले की ती फसत, आणि आमचे विद्यार्थी त्यात पटाईत होते. ‘उगम’ शब्द बघतच नसे. ते प्रत्येक वाक्याच्या अर्थाचं काही हजार आकड्यांत रूपांतर करी. अर्थ जवळ, तर आकडे जवळ. मग वाक्य मराठीतलं हिंदीत न्या, कर्तरीचं कर्मणी करा किंवा उलटं टांगा, त्याचा बाप कोण ते यंत्राला कळे. अशा कोट्यवधी वाक्यांची त्यानं वंशावळ मांडली होती. कोणतं वाक्य कुणापासून जन्मलं, ते कुठं कुठं गेलं आणि शेवटी कोणत्या सरकारी निर्णयात जाऊन बसलं, हे सगळं एका झाडासारखं दिसे.

पण झाडाचं मूळ बहुतेक वेळा कागदात असे. जुने अहवाल, हस्तलिखितं, कुठल्यातरी कपाटातल्या वह्या यंत्रापर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. तिथं त्याला माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवावा लागे. म्हणून तीन वर्षांपूर्वी प्रत्येक संशोधकाकडून एक घोषणापत्र भरून घेतलं होतं. आपल्या प्रबंधातल्या प्रत्येक संदर्भापुढे दोन चौकटी: ‘मूळ पाहिले’ आणि ‘दुसऱ्याकडून घेतले’. कांचनच्या प्रबंधात दोनशे चौदा संदर्भ होते. शेवटची तारीख होती, परीक्षेचे पेपर तपासायचे पडले होते, आणि वरच एक सोयीचं बटण होतं: ‘सर्व: मूळ पाहिले’.

तिनं ते दाबलं होतं. सगळ्यांनीच दाबलं होतं. त्यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही, कारण आमच्याकडे रीतच तशी होती. तळटीप उचलणं ही चोरी मानली जात नसे. दुसऱ्याच्या पुस्तकात एखाद्या जुन्या अहवालाचा हवाला सापडला, की तो हवाला थेट आपला म्हणून लिहायचा. मधल्या माणसाचं नाव गाळायचं. ‘अमक्यावरून उद्धृत’ असं प्रामाणिकपणे लिहिलं तर बाहेरचे परीक्षक नाक मुरडत, ‘मूळ का पाहिलं नाही?’ म्हणून विचारत. तेव्हा मार्गदर्शकच सांगत, सरळ मूळ लिहून टाक.

कांचनच्या पान ११२ वरचं वाक्य असं होतं: ‘भिजवून व दोनदा उकळून पाणी फेकून दिल्यास, रोजच्या अन्नात एक तृतीयांशापर्यंत लाखोळी खाणे निर्धोक आहे.’ खाली तळटीप नऊ: ‘ना. ग. हटवार, लंगडेपणाची पाहणी, हस्तलिखित वही, १९५८, पृ. ४३.’

ती वही कांचननं जन्मात पाहिलेली नव्हती.

लाखोळी हे वैनगंगेच्या खोऱ्यातलं जुनं कडधान्य. धान कापायच्या आधी शेताच्या ओल्या बांधीत नुसतं बी फेकायचं, पुढं थेंब पडो न पडो, ते येतं. सगळं जळतं तेव्हा लाखोळी उभी असते. पण तिच्या दाण्यात एक विष असतं. एखाददुसऱ्या वेळी खाल्लं तर काही होत नाही. महिनोन्‌महिने तेच पोटात गेलं, की पाठीच्या कण्यातून पायांना हुकूम नेणाऱ्या मज्जापेशी ते मारत जातं. पाय लुळे पडत नाहीत, ताठतात. माणूस आधी चवड्यांवर चालतो, मग काठीनं, मग दोन काठ्यांनी, मग हातांवर सरपटत. मेलेल्या त्या पेशी पुन्हा येत नाहीत, त्यामुळे यावर औषध नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साल जितकं कोरडं, तितकं दाण्यात विष जास्त. कमी विषाचं म्हणून काढलेलं बियाणंही गेल्या काही वर्षांच्या भाजणाऱ्या उन्हात बिघडलं होतं, अशी कुजबुज होती. कुजबुजीला तळटीप नसते, म्हणून ती कुणी धरली नाही.

सलग तिसऱ्या दुष्काळात ‘अन्नमान’ नावाच्या सरकारी योजनेनं शिध्यात एक तृतीयांश लाखोळी मिसळली होती. दिवाळीपासून वाटप सुरू होतं. अन्नमानाचं प्रमाण माणसं ठरवत नसत. ‘उगम’नं पक्की ठरवलेली वाक्यं घेऊन यंत्रच ठरवी. ही योजना कांचनला वर्तमानपत्रातून ठाऊक होती. तिच्या मुळाशी आपलं वाक्य आहे, हे आज कळलं.

दुपारी तिनं चिचटोल्याला फोन लावला. चिचटोला तिचं माहेर, पंचवीस-तीस कोसांवर वैनगंगेपलीकडचं. तिथं तिचा धाकटा भाऊ खेमराज राहायचा. फोन त्याच्या बायकोनं, दुर्गानं उचलला.

“ताई, बरं झालं तुमीच फोन केला. याईले जरा बोला न. दवाखान्यात चला म्हनलं तर आयकत नाई. गुडघे अकडले म्हन्ते. सायकलवर टांग टाकता येत नाई.”

“कधीपासून?”

“झाले पंधरा-वीस दिवस.”

 पुढचा प्रश्न तिनं वर्गात कित्येक वर्षं शिकवला होता. “दुर्गा, चालताना त्याच्या टाचा जमिनीला टेकतात का गं?”

पलीकडे दुर्गा बहुधा दारातून अंगणात बघत होती. “नाई टेकत,” ती म्हणाली. “मले वाटलं, नव्या चपलेनं तसा चालत असन.”

“लाखोळी बंद करा. आजपासून. एक दाणा नको.”

“कोनती? शिध्यातली?” दुर्गा हसलीच. “अवो ताई, तिच्या पोत्यावर तर तुमचाच फोटो हाये!”

खरंच होतं; तिला ठाऊकच असणार म्हणून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. नव्या कायद्यानं शिध्याच्या प्रत्येक पोत्यावर एक काळी चौकट छापलेली असे. फोन समोर धरला की धान्याचं प्रमाण कुणाच्या संशोधनावरून ठरलं ते दिसे, फोटोसकट. लाखोळी आली तेव्हा चिचटोल्यातल्या म्हाताऱ्यांनी पोती हातीच घेतली नव्हती. ‘लाखोळीनं पाय जाते’ असं त्यांनी त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं. तेव्हा खेमराजनं चावडीवर उभं राहून पोत्यासमोर फोन धरला होता आणि सगळ्यांना आपल्या बहिणीचा फोटो दाखवला होता. “माही बहीन खोटं लिहिन का?” असं त्यानं विचारलं होतं. मग सगळ्यांनी पोती उचलली. दुर्गानं हे कौतुकानं सांगितलं आणि कांचनला फोन ठेवावा लागला, कारण तिला पुढचं ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पाठराबे सरांकडे गेली. प्रा. वासुदेव पाठराबे तिचे मार्गदर्शक. चौऱ्याऐंशीचे झाले होते, पण शब्दकोडं अजून पेननं सोडवायचे. तळटीप नऊ आणि तिच्यातलं वाक्य त्यांनीच तिला एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. प्रबंध छापायला जायच्या आदल्या आठवड्यात म्हणाले होते, ‘लाखोळीच्या प्रमाणाला आधार पाहिजे, हे घाल.’

“ये, ये! ऐकलं मी,” सर खुर्चीतून अर्धे उठले. “सहा लाख लोक! आपल्या कामाचं असं चीज होणं म्हणजे...”

“सर, हटवारांची वही तुम्ही पाहिली होती का?”

सरांनी पेनाला टोपण लावलं. ते नीट बसेपर्यंत लावत राहिले.

“वही आहे. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात आहे. हटवार म्हणून फिरते डॉक्टर होते, गावोगाव सायकलनं हिंडून त्यांनी...”

“पाहिली होती का, सर?”

“मला एकांनी सांगितलं होतं,” सर म्हणाले. “एका परिषदेत. जेवणाच्या रांगेत. त्यांनी वही पाहिली होती. एक तृतीयांशाचं त्यांनीच सांगितलं, पानासकट. मी तिथंच चिठ्ठीवर टिपून घेतलं.”

“कोण होते ते?”

“मठ्ठा घेताना शेजारी उभे होते, कांचन. नाव नाही आठवत. चांगले गृहस्थ होते.”

सहा लाख चाळीस हजार माणसांचं जेवण मठ्ठ्याच्या रांगेत ठरलं होतं. एरवी ती यावर हसली असती. 

तिनं खेमराजच्या टाचांचं सांगितलं.  मग त्यांनी जे केलं त्याची तिला सरांकडून अपेक्षा नव्हती. त्यांनी तिचा हात धरला.

“भावाला तिकडून काढ. इथं आण, उपचार कर. पण घोषणापत्राला हात लावू नकोस. एक ‘मूळ पाहिले’ खोटं निघालं, की सगळा प्रबंध रद्द होतो. तुझ्यावरून माझ्यावर येईल. तू आणि मी घडवलेली सगळी पोरं, त्यांच्या नोकऱ्या... सगळ्यांच्या साखळ्या तुटतील. आणि लाखोळीचं म्हणशील, तर तुझं एकटीचं वाक्य थोडंच आहे? तुझ्यानंतर एकसष्ट जणांनी हटवारांचा हवाला दिलाय. मी मोजलेत. सगळ्यांनी वही पाहिली, ते काय खोटं बोलतात?”

“त्यांनी माझी तळटीप उचलली, सर. जशी मी तुमची उचलली.”

सरांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी पुन्हा पेनाचं टोपण काढलं आणि कोड्याकडे बघत बसले.

बुधवारी कांचन जिल्ह्याच्या गावी गेली. अभिलेखांच्या खोलीतल्या बाईंनी अडीच तास शोधून निळ्या बस्त्यातून वही काढली. “मी इथं आल्यापासून ही मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच,” त्या म्हणाल्या. बासष्ट जणांनी जिचा हवाला दिला होता, त्या वहीच्या बस्त्याची गाठ आजवर त्यांच्यापैकी कुणीही सोडली नव्हती. ती कात्रीनं कापावी लागली.

डॉ. हटवारांचं अक्षर बारीक आणि उभं होतं. कांचननं आधी त्रेचाळीसावं पान काढलं नाही. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदाच ती पहिल्या पानापासून वाचत निघाली. चौतिसाव्या पानावर ते वाक्य आलं.

“ज्या घरांत लाखोळी भिजवून, दोनदा उकळून, पाणी टाकून खातात व ती एकूण अन्नाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आहे, अशा घरांत मला या दोन महिन्यांत नवा लंगडा आढळला नाही. परंतु यंदा पाऊस चांगला झाला आहे व घरांत तांदूळ आहे. कोरड्या सालात काय होईल हे पाहिल्यावाचून यावरून कोणीही काहीही ठरवू नये.”

दोन-तीनदा वाचलं तिनं. वाक्य होतं. बरोबर होतं. फक्त त्याच्यामागून येणारी दोन वाक्यं कुणीतरी कुठल्यातरी रांगेत सांगितली नव्हती. आणि पहिल्या वाक्यात जिथं ‘मला आढळला नाही’ होतं, तिथं तिच्या प्रबंधात ‘निर्धोक आहे’ झालं होतं. तो बदल तिचाच होता; सरांच्या चिठ्ठीवरही ‘आढळला नाही’ असंच होतं. स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं, म्हणून तिनं तो केला होता.

मग तिनं त्रेचाळीसावं पान काढलं. वर लिहिलं होतं, ‘पुढील साल. पाऊस नाही. तीच घरे.’ खाली नावं होती. नाव, वय, गाव, आणि शेवटच्या रकान्यात ‘एक काठी’, ‘दोन काठ्या’, ‘सरपटतो’. पान भरलं होतं. चव्वेचाळीसावंही भरलं होतं. बासष्ट विद्वानांनी लाखोळी निर्धोक असल्याचा पुरावा म्हणून जे पान दाखवलं होतं, ते लंगड्यांच्या यादीचं होतं. त्या अनोळखी गृहस्थांची पानात चूक झाली होती, की त्यांनी सांगितलं काही आणि सरांनी ऐकलं काही, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

 

तिथंच बसून तिनं पानांची छायाचित्रं घेतली आणि ‘उगम’ला पाठवली. सोबत कबुलीजबाब: मी २०१९ साली प्रबंध लिहिताना ही वही पाहिली नव्हती, घोषणापत्रात खोटं लिहिलं, तळटीप नऊ मागे घेत आहे, शिधा ताबडतोब थांबवा. आता सगळं संपलं असं तिला वाटलं. नोकरी गेली, पदवी गेली, सर गेले. निदान पोती थांबतील.

उत्तर चार मिनिटांत आलं.

‘आपले निवेदन नोंदवले. आपला प्रबंध रद्द करण्यात आला आहे. आपण खोटी घोषणा केल्याचे मान्य केल्याने आपली विश्वासार्हता शून्य झाली असून, आपण सादर केलेल्या हस्तलिखिताची स्वतंत्र तज्ज्ञांकडून पडताळणी आवश्यक आहे. कालावधी: नव्वद दिवस. तोपर्यंत संबंधित आहारप्रमाण उर्वरित एकसष्ट स्वतंत्र साक्षींच्या आधारे कायम राहील.’

पुढचा तास तिनं फोनवर घालवला. मदतकेंद्रातली मुलगी अतिशय गोड बोलत होती.

“मॅडम, तुमचं खरं असेलही. पण तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय, हे यंत्रानं कसं ओळखायचं?”

“अगं, बासष्ट जणांनी एकच चुकीचं पान दिलंय! एकाच बाकावरच्या दोन पोरांच्या पेपरात एकच चूक आली की मास्तरांना कळतं ना, कुणी कुणाची पाहून लिहिली?”

“पान चुकीचं आहे हे मूळ वही पक्की झाल्यावर ठरेल, मॅडम. तोवर बासष्ट जणांचं एकमत आहे असंच दिसतं. आता एकसष्ट जणांचं.”

“मग त्यांच्यापैकी कुणी माझ्यासारखं लिहून दिलं तर?”

“निम्म्याहून जास्त जणांनी दिलं तर चालेल.”

तिनं यादी काढून फोन लावायला सुरुवात केली. पहिल्यानं वही पाहिली असल्याचं शपथेवर सांगितलं, आणि रंगही सांगितला, लाल. दुसरी रडायला लागली, “मॅडम, माझी मुलं लहान आहेत हो.” तिसरा तिचाच विद्यार्थी होता. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही मला फोन केलाच नाही असं समजतो.” चौथ्यापासून कुणी फोनच उचलेना, बातमी तिच्यापुढे धावत होती. कांचनला त्यांचा राग आला नाही. सोमवारपर्यंत ती त्यांच्यातलीच होती.

मदतकेंद्रातल्या मुलीनं संध्याकाळी स्वतःहून फोन केला. आवाज खाली आणून बोलली. “मॅडम, एक आणीबाणीचं कलम आहे. कुणी सांगत नाही, पण नियमात आहे. कागदाच्या साक्षीपेक्षा जिवंत रुग्णाची साक्ष वरचढ धरतात. एकाच कारणाचे किमान पंचवीस रुग्ण. आरोग्यसेविकेनं तपासलेले, जबाब त्यांच्या स्वतःच्या शब्दांत. त्याच दिवशी वाटप थांबतं.” मग ती म्हणाली, “पण पंचवीस असतील का हो, मॅडम?”

नसावेत, असं कांचनला वाटलं. आणि असावेतही, कारण त्याशिवाय पोती थांबणार नव्हती. आपण काय मागतोय हे ध्यानात आलं, तेव्हा ती घाबरून बसस्टँडच्या बाकावरून उठूनच उभी राहिली.

गुरुवारी सकाळी ती चिचटोल्यात पोचली. खेमराज अंगणात होता. बहिणीला बघून तो लगबगीनं उठला आणि चवड्यांवर, एक गुडघा दुसऱ्यावर घासत, पुढं आला. धावताना पडायला झालेलं लेकरू येतं तसा. तो हसत होता.

“असं अचानक? फोन तरी करायचा, ताई. दुर्गा, चाय मांड.”

चहा येईपर्यंत तिनं थांबायला हवं होतं. तिला थांबवेना. अंगणात उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. वही, चिठ्ठी, बटण, पान चौतीस, पान त्रेचाळीस. दुर्गा चुलीपाशी तशीच राहिली. आवाजानं शेजारची दोन-चार माणसं कुडापाशी आली होती. कांचननं त्यांच्यासमोरच सांगितलं. आडोसा बघून सांगण्याचे दिवस गेले होते.

“म्हंजे तू ते वाचलंच नोतं?” खेमराज म्हणाला.

“नाही.”

“एकडाव बी नाई?”

“नाही, खेमा.”

तो खाटेवर बसला. बसायला त्याला दोन्ही हातांनी पाय वाकवावे लागले. “मी पुऱ्या टोल्याले सांगतलं. म्हातारे नाई म्हनत होते, मी सांगतलं.” मग, तिच्याकडे न बघता, “हे पाय मंग सुधरत नाईत का?”

खोटं बोलायला ही शेवटची संधी होती, आणि तिला फार बोलावंसं वाटलं. थोडे दिवस मालिश कर, म्हणावं. नागपूरला चांगले डॉक्टर आहेत, म्हणावं.

“नाही सुधरत,” ती म्हणाली. “आज खाणं थांबवलं तर इथंच थांबतील. पुढं जाणार नाहीत.”

दुर्गानं चुलीवरचा चहा खाली उतरवला आणि आत जाऊन शिध्याचं पोतं फरफटत बाहेर आणलं, गोठ्यामागच्या उकिरड्यात रितं केलं.  तिनं कांचनकडे पाहिलं नाही.

कांचननं आदल्या रात्रीच बोलावून ठेवलेली आरोग्यसेविका दहा वाजता आली. तिनं खेमराजचे गुडघे ठोकून पाहिले. हातोडी लागताच पाय झटक्यानं उडे. पोटऱ्या दाबल्या, चालायला लावलं आणि यंत्रात नोंद केली. मग जबाब. तो कुणीतरी लिहून घ्यायचा होता. सेविकेनं यंत्र कांचनकडे दिलं.

“सांग,” कांचन म्हणाली.

“पाय माहेच हायेत,” खेमराज म्हणाला, “पन माह्यं आयकत नाईत. मी म्हन्तो हो म्होरं, ते म्हन्तेत नाई. रातच्याला आपोआप थडथड उडतेत.”

कांचनच्या बोटांनी सवयीनं लिहिलं: ‘रुग्णास पायांवरील नियंत्रण कमी झाल्याचे जाणवते.’ तिनं ते पाहिलं. तिनं पुसलं, अवतरणचिन्ह घातलं, आणि तो बोलला होता ते जसंच्या तसं, एकेक अक्षर, त्याला परत विचारत विचारत लिहिलं.

खाली शेवटचा रकाना होता: ‘आजाराचे कारण व त्याचा स्रोत.’

“याच्यात काय लिहायचं असते?” खेमराजनं विचारलं.

“कशानं झालं ते. आणि खायला कुणाच्या भरवशावर सुरुवात केली, ते. तुझ्या शब्दांत.”

तो तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी ती शाळेतून यायची तेव्हा हा फाटकापाशी उभा असायचा. पण ही नजर ती नव्हती. त्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“तूच लिहितं का?”

“मीच लिहिते.”

“मंग लिही,” तो म्हणाला. “लाखोळी खाल्ली. माह्या बहिनीच्या भरवशावर खाल्ली.” मग म्हणाला, “तुहं नाव पुरं लिही. आईबापानं ठेवलं तसं.”

तिनं लिहिलं. कांचन तुळशीराम डोंगरवार. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि पडद्यावर उमटलं: ‘रुग्ण १ नोंदवला. आवश्यक: २५.’

“आता अजून चोवीस पाह्यजेत?” दुर्गानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. “कुठून आनायचे?”

 मग कुडापाशी उभ्या असलेल्यांतला एक बापया माणूस पुढं आला. पस्तिशीचा, धडधाकट दिसणारा. खालच्या मानेनं म्हणाला, “मले बी महिनाभर झाला. घरी सांगतलं नोतं.” त्याच्यामागून एक बाई आली. तिच्यामागून एक म्हातारा, आणि त्याचा नातू त्याला नव्हे, तो नातवाला धरून आणत होता. सेविका हातोडी घेऊन गुडघे ठोकत गेली, आणि कांचन बसल्या जागी एकेकाचं बोलणं लिहीत गेली. तिनं एकही शब्द बदलला नाही. वर बघायचं धाडस तिला होत नव्हतं; फक्त अंगणाच्या सारवणावर पाय घासत येत असल्याचा आवाज यायचा, आणि ती पुढचं नाव विचारायची.

पंचवीस लागत होते. ऊन डोक्यावर यायच्या आत एकोणचाळीस झाले, आणि रांग अजून वाढतच होती.